आमच्या गाडीचे फटाके

पाचगणीच्या बाजारात शिरताना मी ॲक्सिलरेटर सोडला, की सायलेन्सरमधून ‘फट्... फट्... फटाक्!’ असा आवाज निघायचा. कडेला झोपलेलं कुत्रं दचकून उठायचं आणि कोपऱ्यावरचा चहावाला हसत म्हणायचा, ‘‘आल्या वहिनी दिवाळी घेऊन!’’ सुरुवातीला मीही हसायचे. पुढे पुढे मात्र हसू येईना.

मी वाईत राहते आणि पोस्टाच्या आरडीची एजंट आहे. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना म्हणतात ना, ती. दुकानदार, भाजीवाल्या, शाळेतल्या शिपाईमावशी, हॉटेलात काम करणाऱ्या बायका यांचे महिन्याचे पैसे गोळा करायचे आणि पोस्टात भरायचे. ज्यांचं खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेलं, त्यांचा हप्ता पंधरा तारखेच्या आत गेला पाहिजे. नाहीतर दंड लागतो, आणि दंड लागला की बाई आपल्याला विचारते, पोस्टाला नाही! माझी अर्धीअधिक खाती पसरणी घाटाच्या वर, पाचगणीत. आधी माझ्याकडे स्कूटी होती. २०२३ च्या पावसाळ्यात आमच्या यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा पैशांसाठी ती विकली. यांची शंभर सीसीची मोटारसायकल पाच महिने पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. डॉक्टरांनी यांना बाइक चालवायला कायमची बंदी केली. राहिले मी. गिअरची गाडी शिकले, पडले, परत शिकले, आणि पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधून घाट चढायला लागले.

गाडी चालवणं जमलं, पण ते फटाके आणि दुसरं एक दुखणं काही जाईना. गाडी थांबली, क्लच दाबला की इंजिनचा आवाज बारीक बारीक होत जायचा आणि गप्पकन बंद. सिग्नल काही आमच्याकडे फारसे नाहीत, पण एसटी थांबते, म्हशी आडव्या येतात, बाजाराच्या दिवशी टेम्पो अडतो. प्रत्येक वेळी किक मारायची. मागून हॉर्न. आणि बघणाऱ्यांचं ठरलेलंच, ‘‘बाई चालवतेय, क्लच सोडता येत नाही.’’

एका शनिवारी तर कहर झाला. मुलीला मागे घेऊन घाट चढत होते. स्ट्रॉबेरीचा सीझन, महाबळेश्वरला निघालेल्या गाड्यांची रांग. एका वळणावर पुढची एसटी थांबली, मी गाडी हळू केली आणि ऐन चढावर इंजिन बंद पडलं. गाडी मागे सरकायला लागली. मागे जीप. ब्रेक दोन्ही आवळून, एक पाय दगडाला लावून कशीबशी धरून ठेवली. मुलगी उतरली आणि जीपवाल्याला हात करत उभी राहिली. नववीतली पोर ती, पण घरी येऊन पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘आई, मी आता तुझ्या गाडीवर बसणार नाही.’’ मला ते फार लागलं.

वाढवला स्क्रू, झालं काम!

तशी मी गप्प बसलेली नव्हते. तोवर दोन मेकॅनिक करून झाले होते. पहिल्याने गाडी स्टँडवर घेतली, स्क्रू ड्रायव्हर काढला, कार्बोरेटरच्या बाजूचा एक स्क्रू पिळला. इंजिन मोठ्याने ओरडायला लागलं. ‘‘रेस वाढवून दिलीय वहिनी, आता बंद नाही पडणार.’’ पैसे पन्नास रुपये. आणि खरंच, दोन दिवस नाही पडली. पण गाडी तापली की उलटंच व्हायचं. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला तरी इंजिन आपलं ‘घूंऽऽ’ करत राहायचं, हळूहळू खाली यायचं. घाट उतरताना तर भीतीच वाटायची, कारण ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन गाडीला जे मागे धरून ठेवतं, ते धरेचना. सगळा भार ब्रेकवर. फटाके होतेच, उलट वाढले.

दुसऱ्याने प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, सायलेन्सर खोलून झटकला, परत लावला. बिल झालं साडेसातशे. फटाके होते ते दुप्पट झाले. परत गेले तर म्हणाला, ‘‘कार्बोरेटरच नवीन टाकायला लागेल. साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो.’’ साहेब घरी मणक्याला पट्टा लावून पलंगावर. गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, पैसे मी देते, आणि बोलायचं साहेबांशी! तिथून निघताना इतका राग आला होता, की किक चार वेळा मारायला लागली तेही कळलं नाही.

आमच्या आळीत एक काका आहेत. एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. संध्याकाळी ओट्यावर बसून पेपर वाचत असतात. मी गाडी ढकलत आणतेय हे बघून त्यांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘पोरी, गाडी वाजते केव्हा?’’

‘‘केव्हाही वाजते काका.’’

‘‘केव्हाही कुठलंच यंत्र वाजत नसतं. आठ दिवस बघ आणि मला सांग.’’

आरडीच्या वहीचं शेवटचं पान

वही ठेवणं हा तर माझा धंदाच. आरडीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी गाडीचं खातं उघडलं. सकाळी गार इंजिन, चोक ओढलेला: छान चालते. चोक बंद केला: दहा सेकंदांत बंद पडते. चोक किंचित ओढून ठेवला तर पडत नाही. तापल्यावर: थांबली की कधी आवाज चढतो, कधी उतरतो. सपाट रस्त्यावर एकसारखी चालवली तर काहीच तक्रार नाही. चढावर फटाके नाहीत. उतारावर, ॲक्सिलरेटर सोडल्यावर, हमखास. आणखी एक गोष्ट ध्यानात आली, जी आधी कधी ऐकलीच नव्हती. सकाळी गाडी चालू करून मी हेल्मेट घालत असताना इंजिनच्या पुढच्या बाजूने ‘टिक् टिक्, फुस् फुस्’ असा बारीक आवाज यायचा.

काकांनी ते पान चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘‘निम्मं काम तर तूच केलंस की!’’ मग त्यांनी मला जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

पेट्रोल नुसतं जळत नाही, त्याला हवा लागते. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण पंधरा ग्रॅम हवा. ही भेसळ करून देणारा तो कार्बोरेटर. आपल्या गॅसच्या शेगडीचंच बघा ना. बर्नरची भोकं बुजली किंवा हवेचं प्रमाण बिघडलं, की ज्योत लाल होते, फडफडते, नाहीतर मोठ्या आचेवरून एकदम बारीक करताना ‘भप्’ होऊन विझते. गाडीचंही तेच. चोक ओढला म्हणजे हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं. चोक ओढल्यावर माझी गाडी बरी चालते, याचा अर्थ एरवी तिला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर हवा जास्त मिळतेय. काका म्हणाले, गाडी ‘उपाशी’ आहे.

आता फटाके का? ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनात जाणारी हवा आणि पेट्रोल दोन्ही एकदम कमी होतात. मिश्रण इतकं पातळ होतं, की ठिणगी पडूनही कधी कधी ते पेटतच नाही. न जळलेलं ते पेट्रोल तसंच तापलेल्या सायलेन्सरच्या नळीत जातं. तिथे बाहेरची ताजी हवा मिळाली की पुढच्या गरम झोताबरोबर ते नळीतच पेटतं. तोच आपला फटाका. म्हणजे बघायच्या गोष्टी दोन: पेट्रोल न जळता का जातंय, आणि सायलेन्सरमध्ये बाहेरची हवा कुठून शिरतेय. माझ्या ‘केव्हाही वाजते’मध्ये हे सगळं लपलेलं होतं!

आणि तो रेसचा स्क्रू? तो फक्त ॲक्सिलरेटर किंचित उघडा ठेवतो. उपाशी माणसाला टोचून टोचून पळवावं तसलं काम. गाडी बंद पडायची थांबते, पण उपाशीच राहते. शिवाय तापल्यावर नको इतकी पळते. काकांचं म्हणणं असं, की हा स्क्रू सगळ्यात शेवटी हातात घ्यायचा. आमच्याकडे तो सगळ्यात आधी घेतात, कारण त्याला वेळ लागत नाही आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं.

इस्त्रीची बाटली

रविवारी सकाळी काका आले ते हात हलवत. म्हणाले, ‘‘तुझी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आण.’’ मला वाटलं गंमत करतायत. गाडी अंगणात आणायला लावली. पडवीत इंजिन चालू करू देईनात. बंद जागेत धूर कोंडला तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला बेशुद्ध करतो, जीवही घेतो. दार उघडं आहे म्हणून चालतं असं नाही, गाडी बाहेरच हवी.

इंजिन चालू केलं. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबराचा एक आखूड पाइप असतो. काही गाड्यांत तो धातूचा असतो आणि दोन्ही टोकांना बारीक रबरी रिंगा असतात. काकांनी त्या जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारला. एका बाजूला काही नाही. खालच्या बाजूला मारला आणि इंजिनचा आवाज एकदम बदलला, बसल्यासारखा झाला. परत मारला, परत बदलला. ‘‘सापडलं!’’ रबराला खालून चीर गेली होती. वरून बघितलं तर रबर धडधाकट. त्या चिरेतून कार्बोरेटरला न विचारता हवा आत जात होती. गाडी तापली की रबर सैल पडून चीर आणखी उघडायची, म्हणून तापल्यावर आवाज चढ-उतार.

इथे एक सावधगिरीची गोष्ट. काही जण ही चीर शोधायला पेट्रोल शिंपडतात. तापलेल्या इंजिनवर पेट्रोल! काका त्याला ‘खुळचटपणा’ म्हणाले, आणि तोही सौम्य शब्द झाला. पाण्याने काम होतं. फक्त प्लगच्या टोपीवर पाणी उडवायचं नाही, नाहीतर गाडी पाण्याने बंद पडेल आणि आपण भलतंच निदान करून बसू.

रबर आणलं, दीडशेच्या आत मिळालं. ते घातल्यावर तापलेल्या इंजिनचं ते ‘घूंऽऽ’ गेलं. फटाके कमी झाले, पण गेले नाहीत. आणि चोक बंद केला की गाडी अजूनही बंद पडायची. माझा चेहरा उतरला. काका म्हणाले, ‘‘एका दुखण्याला एकच कारण असलं पाहिजे, असं कुणी सांगितलं? पाच महिने गाडी उभी होती ना?’’

मग कार्बोरेटर निघाला. त्याच्या तळाला एक वाटी असते, तिच्यात थोडं पेट्रोल साठलेलं असतं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की ते पेट्रोल उडून जातं आणि खाली चिकट राळ उरते. आमच्या वाटीत हिरवट-पिवळा थर होता, तेलाच्या जुन्या बरणीच्या बुडाला असतो तसा. इंजिन नुसतं उभं असताना त्याला पेट्रोल पुरवणारी एक नळी वेगळी असते, पायलट जेट. काही जण त्याला स्लो जेट म्हणतात. त्याचं भोक सुईच्या टोकाएवढंही नसतं. काकांनी ते उजेडासमोर धरून मला दाखवलं. आरपार काहीच दिसेना. तेव्हा कळलं, की सपाट रस्त्यावर गाडी का छान चालायची: तेव्हा मोठ्या जेटमधून पेट्रोल येतं. बुजला होता तो उभ्या गाडीचा, लहान जेट.

मी लगेच टाचणी आणायला उठले. काकांनी हात धरून बसवलं. जेट पितळेचा, मऊ. टाचणीने किंवा तारेने कोरला तर भोक मोठं होतं आणि मग गाडी जन्मभर पेट्रोल पिते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून, पंक्चरवाल्याच्या दुकानातली हवा मारून तो साफ केला. तुमच्यापैकी कुणाची गाडी बाळंतपणासाठी, आजारपणासाठी, मुलीच्या परीक्षेसाठी म्हणून दोन-तीन महिने उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटी रिकामी होते, राळ धरत नाही. २०२० च्या लॉकडाऊननंतर किती गाड्या याच कारणाने अडून बसल्या होत्या, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा.

काळा डाग

जेट साफ झाला आणि गाडी चोकशिवाय उभी राहायला लागली. मला तेवढ्यानेच रडू यायचं बाकी होतं. पण उतारावर दोन-चार फटाके होतेच. काकांनी माझ्या वहीतलं शेवटचं वाक्य दाखवलं, ‘टिक् टिक्, फुस् फुस्’. इंजिनमधून सायलेन्सरची नळी जिथे निघते, तिथे दोन नटांच्या मागे काजळीचा काळा डाग होता. मी गाडी रोज पुसते. तो डाग रोज पुसत होते आणि दुसऱ्या दिवशी तो परत येत होता! चुलीच्या धुराने भिंत काळी होते तसं ते. त्या जोडात तांब्याची किंवा ॲस्बेस्टॉससारख्या दिसणाऱ्या साहित्याची एक रिंग असते, पॅकिंग म्हणतात. ती एकदा दाबून बसली की बसली. सायलेन्सर काढला की नवीन घालायची. आमच्या दुसऱ्या मेकॅनिकने जुनीच परत घातली होती. साडेसातशेच्या बिलात तीस रुपयांची रिंग नव्हती. म्हणूनच त्याच्याकडून आणल्यावर फटाके दुप्पट झाले होते.

गळती असेल तर धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? हा प्रश्न मीही विचारला. धूर एकसारखा वाहत नाही, झोताझोताने येतो. एक झोत पुढे गेला की त्याच्यामागे क्षणभर पोकळी होते, आणि तेवढ्यात फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. फटाक्याला हवी असलेली हवा ती हीच.

हे तपासताना गाडी गार असतानाच चालू करायची. गार इंजिनवर जोडाला साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे दिसतात. दोन मिनिटांत नळी इतकी तापते, की हात लावला तर कातडी सोलून निघेल. साडीचा पदर, ओढणी, लहान मूल, तिन्ही लांब.

नवीन पॅकिंग बसलं. मग सगळ्यात शेवटी काकांनी तो बदनाम स्क्रू हातात घेतला. आधी मला दहा मिनिटं गाडी फिरवून आणायला लावली, कारण रेस तापलेल्या इंजिनवर बसवायची असते. गारवर बसवली तर तापल्यावर ती चढते. शेजारचा दुसरा बारीक स्क्रू हवेच्या प्रमाणाचा. तो आधी हलक्या हाताने पूर्ण आत घेऊन किती फेरे बसले ते मोजलं, वहीत लिहिलं आणि परत तितकाच बाहेर काढला. चुकलं तर मूळ जागेवर येता यावं म्हणून. जोराने आवळला तर त्याचं टोक मोडतं. मग थोडा थोडा फिरवत, इंजिनचा आवाज जिथे सर्वांत मोकळा लागला तिथे ठेवला, आणि सगळ्यांनी वाढवून ठेवलेली रेस खाली आणली. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना मिनिटाला १,४०० च्या आसपास फेरे पुरतात. आमच्या गाडीला ते दाखवणारा काटा नाही, काकांनी कानाने बसवले. शेवटी हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघितलं. वळवताना आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणलेली आहे असं समजायचं. मग स्क्रू कितीही फिरवा, उपयोग नाही.

बाकीच्या गाड्यांचं काय?

हे वाचून तुम्ही आपापल्या गाडीकडे बघायला जाल, म्हणून काही गोष्टी सांगते. १ एप्रिल २०२० नंतर विकल्या गेलेल्या गाड्या बीएस-६ च्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना कार्बोरेटरच नाही. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. तिथे रेसचा स्क्रू पिळण्याचा प्रश्नच नाही आणि कुणी पिळायला लागलं तर हात धरा. मीटरवर इंजिनच्या चित्राचा दिवा लागून राहिला असेल तर त्यांचं मशीन असलेल्या ठिकाणीच न्या. पण फाटलेलं रबर आणि सायलेन्सरचं गळकं पॅकिंग या दोन गोष्टी त्या गाड्यांनाही चुकलेल्या नाहीत.

बीएस-६ च्या थोड्या आधीच्या काही गाड्यांत धूर स्वच्छ व्हावा म्हणून सायलेन्सरच्या तोंडाशी मुद्दाम ताजी हवा सोडणारी एक बारीक नळी असते. ॲक्सिलरेटर एकदम सोडला की ती हवा आपोआप थांबायला हवी. तिचा व्हॉल्व्ह अडकला तर थांबत नाही आणि फटाके वाजतात. अशा गाडीने उतारावर एखादा हलका ‘पुट्’ आवाज केला तर घाबरायचं कारण नाही.

‘‘हे सगळं त्या इथेनॉलमुळे’’ असं हल्ली सगळेच म्हणतात. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आमच्या साताऱ्याकडे तर ऊस घरचाच, त्यामुळे या विषयावर प्रत्येकाला मत आहे! त्यात तथ्य एवढंच, की इथेनॉल जळायला हवा कमी लागते, ग्रॅमला नऊच ग्रॅम. त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तीच हवा थोडी जास्त ठरते आणि गाडी थोडी आणखी उपाशी राहते. आधीच सीमेवर असलेली गाडी त्याने कुरकुरू शकते. पण चिरलेलं रबर इथेनॉलच्या नावावर खपवून घेऊ नका. माझा दुसरा मेकॅनिक तेच करत होता.

एक राहिलंच, टॅपेट. इंजिनच्या डोक्यातल्या व्हॉल्व्हना केसाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते. ती बुजली तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, गाडी उभी राहत नाही, फटाके वाजतात, आणि दुर्लक्ष केलं तर व्हॉल्व्ह जळून मोठा खर्च निघतो. टॅपेट नेहमी गार इंजिनवर, फिलर गेजची पातळ पट्टी घालून बघायचे. आपण गाडी चालवत दुकानात नेतो आणि तो तिथल्या तिथे तापलेल्या इंजिनवर टॅपेट ‘सेट’ करतो, याला काही अर्थ नाही. गेजची पट्टी कुणी वापरताना तुम्ही पाहिलीय का? मी तरी तोवर नव्हती पाहिली.

आणि हो, बुलेटला मुद्दाम फटाक्यांचा सायलेन्सर लावून गल्लीतून जाणारी जी पोरं आहेत, त्यांचा रोग वेगळा. तो गाडीत नाही. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी तसले सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवलाय.

त्या रविवारनंतरच्या पंधरा तारखेला मी पाचगणीचे हप्ते गोळा करून घाट उतरले. सगळ्या वळणांवर ॲक्सिलरेटर सोडत, कान देऊन. नुसता वाऱ्याचा आवाज आणि चेनची किरकिर. (चेनला तेल हवं होतं, तेही वहीत लिहिलं.) चहावाल्याने दुसऱ्या महिन्यात विचारलं, ‘‘वहिनी, नवी गाडी घेतली?’’ मुलगी अजून लगेच बसली नाही. दोन आठवडे तिने मला आळीच्या तोंडाशी गाडी थांबवायला लावून, क्लच दाबून, मोबाइलवर दोन-दोन मिनिटं मोजली. मग बसली.

मागच्या महिन्यात टॅपेट बघायची वेळ झाली. काकांचे हात आता थरथरतात, म्हणून मी गावातल्या एका नव्या मेकॅनिककडे गेले. म्हटलं, ‘‘गाडी रात्रीच इथे सोडते. सकाळी गार असताना टॅपेट बघा, गेज लावून. आणि सायलेन्सर काढलात तर हे नवीन पॅकिंग घ्या.’’ पर्समधून रिंग काढून त्याच्या हातात दिली.

त्याने रिंगकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘साहेबांनी सांगितलं का हे?’’

‘‘नाही,’’ म्हटलं, ‘‘साहेबांना मीच सांगितलं. सकाळी सातला येते, तोवर चालू करू नका.’’